सहा वर्षांचा हिशेब



गेल्या दोन अंकांत आपण दहावी-बारावीनंतरच्या वाटा पाहिल्या. या वेळी प्रश्न घेऊन आलेली मुलगी विद्यार्थिनी नाही. ती स्वतःच सहा वर्षे शिकवते आहे. तिच्या परवानगीने लिहिते आहे. तिचे, तिच्या संस्थेचे आणि शाळांचे नाव मात्र देत नाही.

एका रविवारी असरनंतर ती तिच्या अब्बांबरोबर माझ्या कोंढव्याच्या घरी आली. अब्बांचे कॅम्पात कपडे दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. पँटची उंची कमी करणे, चेन बदलणे, शेरवानी ढिली करणे, अशी कामे. मुलगी उर्दू माध्यमातून दहावी, मग बी.कॉम. झालेली. कॉलेज संपल्यावर शिक्षणाचे काम करणाऱ्या एका सामाजिक संस्थेत लागली. दोन वर्षे महापालिकेच्या शाळेत वर्गावर होती, आता चौदा शाळांतल्या शिक्षकांबरोबर काम करते. वय अठ्ठावीस. पगार बेचाळीस हजार. आणि तिला एमबीए करायचे आहे.

अशा मुली आणि मुले पुण्यात आता पुष्कळ आहेत. शाहीन मिस्त्री यांची आकांक्षा 1991 मध्ये मुंबईत सुरू झाली आणि पुढे पुण्यात आली. टीच फॉर इंडियाने 2009 मध्ये पहिले शिक्षक वर्गात पाठवले ते पुणे आणि मुंबईतच. बांधकामाच्या साइटवर राहणाऱ्या मजुरांच्या मुलांना शिकवणारी डोअर स्टेप स्कूल आहे, प्रथम आहे, आणखी कितीतरी लहान संस्था आहेत. पंधरा वर्षांपूर्वी आपल्या मोहल्ल्यातल्या पदवीधर मुलीपुढे डी.एड., बी.एड. किंवा ट्यूशन एवढेच होते. आता लोहियानगर, कासेवाडी, भवानी पेठेतून आलेली मुलगी संस्थेचा लॅपटॉप घेऊन शाळा-शाळांत फिरते. चांगली गोष्ट आहे. पण पाच-सहा वर्षांनी तीच मुलगी माझ्यासमोर येऊन बसते आणि विचारते, ‘खाला, आता पुढे काय?’

हा प्रश्न का येतो, त्याला कारण आहे. कंपनी कायदा 2013 प्रमाणे मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान 2 टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. एप्रिल 2014 पासून हे लागू झाले आणि शिक्षणाच्या संस्थांकडे कंपन्यांचे पैसे येऊ लागले. पैशांबरोबर कंपन्यांची भाषाही आली. अंदाजपत्रक, तिमाही अहवाल, प्रति विद्यार्थी खर्च. दुसरीकडे 2020 मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने मिळालेली परदेशी देणगी दुसरीला देणे बंद झाले. बऱ्याच संस्थांत पगारवाढ थांबली ती तेव्हापासून. या मुलीच्या संस्थेत वरची जागा रिकामी झाली तेव्हा बाहेरून एमबीए झालेला माणूस आणला. तो चांगला आहे, असे तीच म्हणाली. पण वर्ग कसा चालतो हे तो तिला विचारतो, आणि पैसे कुठे जातील हे तो ठरवतो.

‘मला ते ठरवता यायला हवं,’ असे ती म्हणाली. मला हे कारण पटले. मात्र तिच्या निबंधात हे वाक्य कुठेच नव्हते.

ती फाईल घेऊन आली होती. परदेशातल्या आणि हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसच्या अर्जात निबंध लिहावे लागतात, त्यांचा कच्चा मसुदा. पहिले वाक्य होते, लहानपणापासून मला समाजासाठी काहीतरी करायची तळमळ आहे. पुढे दीड पान गरीब मुलांच्या डोळ्यांतली स्वप्ने, शिक्षणाचा प्रकाश, परिवर्तन. सगळे खरे असेल. पण ते कुणीही लिहू शकले असते. त्यात ती स्वतः कुठेच दिसत नव्हती.

मी फाईल मिटली आणि म्हटले, ‘बेटा, निबंध राहू दे. शाळेत तू केलेली एक गोष्ट सांग, जी तू नसतीस तर झाली नसती.’

बराच वेळ गेला. मग ती सांगू लागली. पहिल्या वर्षी तिसरीचा वर्ग होता. एक्केचाळीस मुले. त्यांतली नऊच मुले सलग परिच्छेद वाचू शकत. पालकसभा सकाळी अकराला असे आणि चार-सहा आया येत. सगळे म्हणत, या वस्तीतल्या पालकांना पर्वाच नाही. ती घराघरांत गेली. आया धुण्याभांड्याच्या कामाला, बाप हातगाडीवर किंवा रिक्षावर. अकरा वाजता कोण येणार? तिने मुख्याध्यापकांच्या मागे लागून सभा रात्री इशानंतर, शाळेऐवजी वस्तीतल्या एका हॉलमध्ये घेतली. तीसच्या वर पालक आले. बाप आले, हे विशेष. मग तिने दर आठवड्याला एक मूल पालकांसमोर उभे राहून वाचेल असे सुरू केले. वर्षअखेर एकतीस मुले परिच्छेद वाचत होती.

‘हे लिहिलंस का?’

‘नाही खाला. ही काय लिहायची गोष्ट आहे? सभेची वेळ तर बदलली फक्त.’

आमच्या लोकांचे इथेच चुकते. सामाजिक कामातली माणसे दोन टोकांना जातात. एक तर सगळे श्रेय मुलांना आणि संस्थेला देऊन स्वतः पडद्याआड उभी राहतात, नाही तर मोठमोठे शब्द वापरतात. केलेल्या कामाचा साधा हिशेब कुणी देत नाही. माझ्यापाशी काय होते, अडचण काय होती, मी कोणता निर्णय घेतला, कुणाचा विरोध झाला, शेवटी काय बदलले आणि काय बदलले नाही. बँकेतून किंवा आयटी कंपनीतून आलेला उमेदवार हे सहज सांगतो, कारण दरवर्षी त्याचा साहेब त्याला तेच विचारत असतो.

तिचे अब्बा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, ‘आपा, माझ्या दुकानात वही आहे. कोणतं कापड आलं, काय काम केलं, किती घेतलं, कोणती शिलाई उसवून परत आली. परत आलेलीसुद्धा लिहितो.’

परत आलेली शिलाई! मी मुलीला तेच विचारले. तुझी उसवलेली शिलाई कोणती? आता ती जास्तच अडखळली. एका कंपनीने साठ टॅबलेट देऊ केले होते. शाळेत वर्गाला एकच प्लग पॉइंट, तोही सैल. तिने साहेबांना लेखी कळवले की हे घेऊ नयेत, त्याऐवजी वाचनाची पुस्तके आणि एक जास्तीची शिक्षिका मागावी. संस्थेने टॅबलेट नाकारले. कंपनीने पुढच्या वर्षी काहीच दिले नाही आणि एका शाळेतले काम बंद पडले. आजही तिला कळत नाही की ती बरोबर होती की चूक. टॅबलेट घेऊन कपाटात ठेवले असते तर ती शाळा वाचली असती.

‘हे लिहिलं तर संस्थेची बदनामी होईल ना?’

नाव न घेता लिही, असे मी सांगितले. दुसरा निबंध याच गोष्टीवर हवा. कुणाला दोष न देता, आपला पेच जसा होता तसा. शिवाय तू एमबीए का करते आहेस, याचे उत्तर या प्रसंगातच आहे. देणगीदाराशी कसे बोलायचे, नाही म्हणतानाही नाते कसे टिकवायचे, एका देणगीवर शाळा अवलंबून राहणार नाही अशी पैशांची रचना कशी करायची, हे तुला येत नव्हते. ते शिकायला जायचे आहे. एवढे स्पष्ट कारण मी फार थोड्या उमेदवारांकडून ऐकले आहे.

इथे माझी एक चूक सांगते. बारा-तेरा वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे आला होता. तीन वर्षे वस्तीत अभ्यासिका चालवलेली, पगार नावापुरता. मी त्याला सांगितले, हे फार दाखवू नकोस, एमबीएवाल्यांना वाटेल की तुला नोकरी मिळाली नव्हती. घरच्या धंद्यात होतो असे लिही. त्याने लिहिले. मुलाखतीत त्या धंद्याची उलाढाल विचारली आणि तो गडबडला. त्या संस्थेत त्याला प्रवेश मिळाला नाही. त्याने मला कधी बोल लावला नाही, त्यामुळे ते अधिकच लागते. मी त्याला खोटे लिहायला लावले, आणि तेही ज्याची लाज वाटावी असे त्यात काहीच नव्हते ते झाकण्यासाठी.

आता अर्जाची व्यवहाराची बाजू. इथे दोन वेगळ्या वाटा आहेत आणि बरीच मुले त्यांची सरमिसळ करतात.

पहिली वाट कॅटची. परीक्षा सहसा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी, नोंदणी ऑगस्टपासून. दोन तास, तीन विभाग, प्रत्येकी चाळीस मिनिटे: इंग्रजी वाचन, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणित. या वाटेवर निबंध आधी कुणी वाचत नाही. आयआयएम पहिली चाळणी लावतात ती कॅटचे गुण, दहावी, बारावी आणि पदवीचे गुण, अनुभवाचे महिने यांच्या सूत्रावर. अनेक ठिकाणी मुलींना आणि इंजिनिअर नसलेल्यांना थोडे जास्त गुण असतात. अनुभवाला मात्र बहुधा दोन-तीन वर्षांपुढे वाढीव किंमत नसते. तुमची सहा वर्षे कामाला येतात ती मुलाखतीत, आणि मुलाखतीपर्यंत पोचायला गणित लागते. ही मुलगी बी.कॉम. असली तरी गणिताशी तिचा संबंध सुटून आठ वर्षे झाली आहेत. रोज दोन तास, सहा-आठ महिने, यात सवलत नाही. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्यांना मी एक सांगते: इंग्रजी व्याकरणाची पुस्तके पाठ करण्यापेक्षा इंग्रजी दैनिकातले संपादकीय पान रोज वाचा. त्या विभागात व्याकरणापेक्षा वाचलेले समजले का, हेच पाहतात.

दुसरी वाट जीमॅटची. वर्षभरात केव्हाही देता येते. 2024 पासून तिचे रूप बदलले आहे: पंचेचाळीस मिनिटांचे तीन भाग, गुण 205 ते 805. भूमिती गेली, निबंध गेला. इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, अहमदाबादच्या आयआयएमचा किमान चार वर्षे अनुभव असलेल्यांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आणि परदेशातल्या संस्था या वाटेवर आहेत. इथे अनुभव, निबंध आणि शिफारसपत्रे सुरुवातीपासून वाचली जातात. शिक्षणसंस्थेत पाच-सहा वर्षे काढलेल्यांसाठी ही वाट मला जास्त सरळ वाटते. महाग मात्र आहे.

शिफारसपत्राबद्दल एक शब्द. आपल्याकडे साहेब म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ असे करू नका. एक तर ते खोटे, दुसरे म्हणजे निबंध आणि पत्र एकाच हातचे असले की वाचणाऱ्याला कळते. ‘ही मुलगी प्रामाणिक व कष्टाळू आहे’ या वाक्याचाही काही उपयोग नाही. साहेबांना भेटा, चहा घ्या, आणि पालकसभेची, टॅबलेटची आठवण करून द्या. बाकीचे त्यांना लिहू द्या. आणि पत्र रोजचे काम पाहणाऱ्याचे घ्या. नगरसेवकाचे किंवा ट्रस्टच्या अध्यक्षांचे नको.

जातीच्या दाखल्याचेही सांगते, कारण त्यात दरवर्षी कुणाचे तरी वर्ष जाते. या कुटुंबाकडे ओबीसीचा दाखला आहे. आपल्या अनेक बिरादऱ्यांकडे आहे. पण तो राज्याच्या यादीप्रमाणे असतो. आयआयएममध्ये ओबीसींना 27 टक्के जागा आहेत त्या केंद्राच्या यादीप्रमाणे, आणि दाखला केंद्राच्या नमुन्यात, नॉन-क्रीमीलेअरचा, चालू मुदतीतला लागतो. राज्याच्या यादीत असलेली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असे नाही. आधी तपासा आणि मग तहसील कार्यालयात जा. इंडियन स्कूल ऑफ बिझनेस खासगी आहे, तिथे हे आरक्षण नाही.

आता पैसा. अब्बांनी घड्याळाकडे पाहिले, मगरिबला थोडाच वेळ होता, आणि विचारले, ‘आपा, सूदचं काय?’

वाचकांपैकी अनेकांच्या घरात हा प्रश्न असाच येतो आणि बहुतेक वेळा शिक्षण तिथेच थांबते. मी आलिम नाही. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाबद्दल तुम्ही ज्यांच्यावर विश्वास ठेवता त्यांना विचारा, असेच मी त्यांनाही सांगितले. मी फक्त दोन गोष्टी पुढे ठेवल्या.

पहिली गोष्ट, बिनव्याजी पैसा अजिबात नाही असे नाही. मुंबईच्या नरोत्तम सेखसरिया फाउंडेशनची पदव्युत्तर शिक्षणासाठी बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती आहे, देशातल्या आणि परदेशातल्या नामांकित संस्थांसाठी. के. सी. महिंद्रा ट्रस्ट 1956 पासून परदेशी शिक्षणासाठी बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती देतो. दोन्हींत धर्माची अट नाही, निवड मात्र कडक आहे आणि मुलाखत होते. आपल्या समाजात या योजना फार कमी लोकांना माहीत आहेत. आयआयएममध्ये घरच्या उत्पन्नावर आधारित शिष्यवृत्त्या असतात, त्या प्रवेश मिळाल्यावर मागाव्या लागतात. मागायला लाजू नका. अल्पसंख्याकांच्या परदेशी शिक्षणकर्जावर व्याज-सवलत देणारी पढो परदेस योजना केंद्राने 2022 मध्ये बंद केली, तेव्हा तिच्या भरवशावर कुणी राहू नये. 2024 मध्ये आलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण न घेता कर्ज मिळते आणि घरचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याज-सवलत आहे. राज्याचे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळही कमी व्याजाने शिक्षणकर्ज देते. या दोन्हींत व्याज आहेच, कमी आहे इतकेच. कुणी फसवून सांगू नये.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. मी कागद घेतला आणि मांडून दाखवले. पंचवीस लाख कर्ज, 10 टक्के व्याज, दहा वर्षे: महिना साधारण 33,000 रुपये हप्ता. शिकत असताना साठणारे व्याज धरले तर त्याहून जास्त. शिक्षणसंस्थेत परत आली तर हिचा पगार समजा साठ-सत्तर हजार होईल. निम्मा पगार हप्त्यात. पुण्यात भाडे, अम्मीची औषधे, धाकट्या भावाची फी. म्हणजे ती परत येणार नाही, येऊच शकणार नाही. निबंधात लिहील की मला शाळांसाठी काम करायचे आहे आणि दोन वर्षांनी हप्त्यासाठी साबण विकेल. साबण विकणे वाईट नाही. पण मग तसेच लिहावे.

अमेरिकेतल्या येलसारख्या काही बिझनेस स्कूलमध्ये, पदवीनंतर सामाजिक संस्थेत कमी पगारावर जाणाऱ्यांच्या कर्जाचा भार संस्था उचलते. तिथल्या नामांकित ठिकाणी दोन वर्षांचा सगळा खर्च आज दोन कोटींच्या आसपास जातो, त्यामुळे ही सोय असेल तरच तिकडे पाहावे. आपल्याकडे अशी सोय जवळजवळ नाही. म्हणून आपल्या मुलांनी आधी परत कुठे यायचे आहे ते ठरवावे, मग कॉलेज. आमच्याकडे उलटे होते: कॉलेजच्या नावावरून कर्ज ठरते, कर्जावरून नोकरी.

मी तिला सांगितले ते असे. व्याजाचे मोठे कर्ज घेऊन नामांकित ठिकाणी जाणे तुझ्या कामाच्या दृष्टीने मला पसंत नाही. शिष्यवृत्ती किंवा बिनव्याजी मदत मिळाली तर बेशक जा. नाही तर दोन वाटा उरतात. एक, राज्याच्या एमबीए सीईटीतून पुण्यातच राहणे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापनशास्त्र विभाग, ज्याला सगळे पुम्बा म्हणतात, 1971 पासून आहे आणि त्याची फी खासगी संस्थांच्या मानाने कितीतरी कमी आहे. आझम कॅम्पसमध्ये अलाना इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट सायन्सेस आहे, घरून जाऊन-येऊन होते. मुंबईचे जमनालाल बजाज याच परीक्षेतून मिळते, गुण मात्र फार वरचे लागतात. दुसरी वाट कमी लोकांना ठाऊक आहे: मुंबईच्या एस. पी. जैन इन्स्टिट्यूटचा विकास व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. तो सामाजिक संस्थांत काम करणाऱ्यांसाठीच आहे. नोकरी न सोडता, मधूनमधून काही दिवस मुंबईला जाऊन करता येतो. ती एमबीए नाही, बाहेरच्या कंपनीत तिचे वजन तेवढे नाही. पण अंदाजपत्रक, देणगीदार, माणसांची व्यवस्था, म्हणजे नेमके तिला हवे तेच तिथे शिकवतात.

ती थोडी हिरमुसली. मला ते दिसले. अठ्ठाविसाव्या वर्षी मोठ्या कॅम्पसचे स्वप्न पाहणाऱ्या मुलीला जवळची वाट दाखवली की ती हिरमुसणारच. ‘खाला, एमबीए असतं तर ते मला मॅडम म्हणाले असते,’ असे ती अर्धवट हसत म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणाले असते, हे खरेच आहे.

त्या वेळी मी तिला रवी मथाईंची गोष्ट सांगितली. अहमदाबादच्या आयआयएमचे ते पहिले पूर्णवेळ संचालक, 1965 पासून. सात वर्षांनी त्यांनी पद सोडले, पण संस्थेत साधे प्राध्यापक म्हणून राहिले, आणि पुढे राजस्थानात जवाजा या दुष्काळी भागात विणकर आणि चामड्याचे काम करणाऱ्या लोकांबरोबर शिक्षणाचा प्रयोग केला. लोक शाळेतून व्यवस्थापनाकडे जातात, हे व्यवस्थापनातून शिकण्या-शिकवण्याच्या कामाकडे आले. तिने नाव लिहून घेतले. मुलाखतीत उपयोगी पडेल म्हणून नव्हे ना, असे मी विचारले, तर दोघे बापलेक हसले.

लग्नाचा विषय निघालाच. सोलापूरहून एक स्थळ आले आहे. अम्मीचे म्हणणे, निकाह होऊ दे, मग सासरी शिकेल. या बाबतीत मी फटकळ आहे, वाचकांना ठाऊक आहे. ‘सासरी शिकू देऊ’ हे वाक्य मी गेल्या तीस वर्षांत शंभर वेळा ऐकले असेल. त्यातल्या किती मुली शिकल्या ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. अब्बांना एवढेच म्हटले की मुलाकडच्यांना आज सांगा, अर्ज झाला आहे, अमुक महिन्यात परीक्षा आहे, फी आम्ही भरणार आहोत. ज्यांना चालेल ते थांबतील. अब्बा म्हणाले, ‘फीचं सांगू नका आपा, त्यांना वाटेल हुंड्यातून वजा करतोय.’ हे विनोदाने म्हणाले की नाही, मला कळले नाही.

त्यानंतर ती दोनदा येऊन गेली. निबंधाचे पहिले वाक्य आता असे आहे: आमच्या शाळेत पालकसभा सकाळी अकराला होत असे आणि कुणी येत नसे. दुसऱ्या निबंधात टॅबलेटची गोष्ट आहे. शेवट अजून तिला जमलेला नाही, कारण ती बरोबर होती की चूक हे तिला अजून ठरवता आलेले नाही. मी म्हटले, तेच लिही. सेखसरिया फाउंडेशनच्या अर्जाची तारीख तिने भिंतीवर लावली आहे. एस. पी. जैनची माहितीपत्रिका मागवली आहे. कॅटची नोंदणीही केली, माझा सल्ला बाजूला ठेवून. ‘एकदा देऊन बघते खाला, गणित तरी होईल.’ सकाळी फजरनंतर दीड तास ती त्रैराशिक, टक्केवारी आणि नफा-तोटा सोडवते. अब्बा तिच्याबरोबर बसतात. टक्केवारीत ते तिच्या पुढे आहेत, असे तीच सांगत होती.

पुढच्या अंकात बारावी विज्ञाननंतरच्या नर्सिंग अभ्यासक्रमांविषयी. ज्यांनी दाखल्यांबद्दल पत्रे पाठवली आहेत त्यांना स्वतंत्र उत्तर देते आहे. पत्रात जात, उपजात आणि तालुका स्पष्ट लिहावा, म्हणजे यादीत पाहून सांगता येईल.